हाताने फिरवायची तबकडी

सुचेता पाटणकरचा उजवा खांदा त्या हिवाळ्यात आखडला, म्हणून ती काडतुसं भरायचा नवा प्रेस शोधायला लागली. नाहीतर मुरलीधरकाकांच्या घराची पायरी ती इतक्यात चढली नसती. लीलाकाकू गेल्यापासून तिला त्या घराची जरा धास्तीच वाटत होती, आणि कशाची ते तिचं तिलाच सांगता येत नव्हतं.

सुचेता मूळची सांगलीची. कॉलेजात असताना एनसीसीत रायफल चालवलेली. लग्न होऊन अजयबरोबर इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्रीला आली आणि गिअरबॉक्सचे भाग करणाऱ्या एका कारखान्यात मोजमापाच्या खोलीत लागली. पांढरा कोट घालायचा, दुसऱ्यांनी केलेले भाग मोजायचे आणि माप चुकलं असेल तर चुकलं म्हणायचं, एवढंच तिचं काम. पण ते ती कुणाची भीडभाड न ठेवता करायची. फोरमन डोक्यावर येऊन उभा राहिला तरी काट्यावर दिसेल तेच तिच्या तोंडून निघायचं.

रविवारी ती शूटिंग क्लबात जायची. पिस्तुलांवर सत्त्याण्णवच्या कायद्याने बंदी आली होती. आपापली पिस्तुलं डब्यात घालून पोलीस स्टेशनात कशी नेऊन दिली, ते क्लबातली जुनी माणसं अजून सांगत बसायची. पण पिस्तुलाचंच काडतूस चालणारी, लिव्हरची आखूड रायफल लायसन्सवर ठेवता येत होती. तशी एक सुचेताकडे होती. आणि तिच्यासाठी लागणारी काडतुसं क्लबातल्या बहुतेकांसारखी ती घरीच भरायची.

वापरलेली पितळी नळी टाकून देत नाहीत. ती पुन्हा मापात आणायची, बुडात ठिणगी पाडणारा नवा प्रायमर बसवायचा, आत चिमूटभर पावडर, वर शिशाची गोळी, आणि शेवटी नळीचं तोंड आवळून टाकायचं. सुचेताच्या गॅरेजमधला छोटा प्रेस हे सगळं एकेक करून करायचा. म्हणजे एका काडतुसामागे हँडल किती वेळा ओढायचं याला काही सुमारच नव्हता. जीपीने, म्हणजे नेहमीच्या डॉक्टरने, खांदा फिरवून पाहिला आणि सांगितलं, हे ओढणं थांबवा, नाहीतर हात डोक्यावर जाणार नाही.

"तयार काडतुसं आण की विकत," अजय म्हणाला.

"तुझ्या आईने कधी विकतचं लोणचं आणलं?"

"ते वेगळं."

"काही वेगळं नाही," सुचेता म्हणाली, आणि तिने प्रोग्रेसिव्ह प्रेसची चौकशी सुरू केली.

प्रोग्रेसिव्ह प्रेसला खाली एक गोल तबकडी असते. तिच्यात चार नळ्या चार ठिकाणी उभ्या असतात. हँडल एकदा ओढलं की चारही ठिकाणची कामं एकदम होतात. पहिलीचं माप, दुसरीत पावडर, तिसरीवर गोळी, चौथीचं तोंड. मग तबकडी एक घर पुढे सरकवायची. दर ओढीला एक तयार काडतूस बाहेर. यातही दोन जाती. एकीत तबकडी आपोआप फिरते. दुसरीत ती आपण हाताने फिरवायची. क्लबाचा सेक्रेटरी कीथ म्हणाला, आपोआप फिरणारी घे. हाताने फिरवायची तबकडी फिरवायला विसरलीस आणि हँडल पुन्हा ओढलंस, तर एकाच नळीत दोनदा पावडर पडते. नळी एवढी मोठी आणि पावडर एवढीशी, की दोनदा पडली तरी वरून कळत नाही. कळतं ते रायफल हातात फुटल्यावर.

"पण लीलाचा प्रेस हाताचाच होता," कीथ पुढे म्हणाला. "आणि तिच्या काडतुसात कधी केसाएवढा फरक नसायचा. मुरलीला विचारून बघ. त्याला आता तो काय कामाचा?"

लीलाकाकूंची गोष्ट क्लबात सगळ्यांना ठाऊक होती. मुरलीधर आगाशे किर्लोस्करवाडीहून टूलमेकर म्हणून साठच्या दशकात इथे आले. नेमबाजीचा नाद त्यांचा. काकू सुरुवातीला क्लबाच्या कार पार्कमध्ये गाडीत बसून विणकाम करायच्या. मग कधीतरी नवऱ्याची काडतुसं भरायला लागल्या, कारण काकांना एका जागी बसून तेच तेच काम करायचा कंटाळा. पुढे तीस वर्षं त्यांनी भरली. स्वतः मात्र आयुष्यात एकही गोळी झाडली नाही. बंदुकीच्या बाराचा आवाज त्यांना सोसायचा नाही. दुसऱ्याने भरलेलं काडतूस आपल्या रायफलीत घालायचं नाही, हा क्लबातला पहिला धडा. सुचेताने तो एकाच माणसासाठी मोडला होता, लीलाकाकूंसाठी. तिला हे काम शिकवलंही त्यांनीच.

ऑक्टोबरमध्ये एका दुपारी काकू प्रेसवरून उठल्या, किचनमध्ये आल्या, केटल लावली आणि तिथेच कोसळल्या. काका पुढच्या खोलीत होते. त्यांना पडल्याचा आवाज आला नाही. मागचा हँडलचा आवाज थांबला, म्हणून ते पाहायला उठले.

फेब्रुवारीतल्या एका शनिवारी सुचेता कॉव्हेंट्रीतल्याच अर्ल्सडनला त्यांच्याकडे गेली. बेल वाजवली, पुन्हा वाजवली, मग दारावरच्या लेटरबॉक्सची झडप खडखडवली. काकांचे कान बारुदाने गेलेले. टीव्हीचा आवाज रस्त्यावर येत होता. शेवटी ती खिडकीसमोर जाऊन उभी राहिली तेव्हा त्यांनी पाहिलं.

"अगं, ये, ये. बेल नाही का वाजवायचीस?"

प्रेस किचनमागच्या चिंचोळ्या युटिलिटी रूममध्ये होता. एका भिंतीला बॉयलर, दुसऱ्या भिंतीला जाड फळीचं बेंच, त्यावर बोल्टने आवळलेला प्रेस आणि समोर उंच स्टूल. स्टुलावरची विणलेली गादी मधोमध दबलेली होती. सुचेता आत गेली तेव्हा हँडल खाली होतं. काम संपवून उठणारा माणूस हँडल वर करून उठतो, काकू तर नक्कीच. पण तिने तेव्हा त्याचा फारसा विचार केला नाही. तिने हँडल निम्मं वर उचललं, पुन्हा खाली सोडलं. लोण्यासारखं चालत होतं. तबकडी जराही डुगडुगत नव्हती. दांड्यावर तेल चकाकत होतं.

"काका, याला कुणी तेल दिलं?"

"मी देतो रोज सकाळी. तिची वस्तू गंजायला नको."

मग तिचं लक्ष वर गेलं. प्रेसच्या डोक्यावरची पावडरची मोठी नळी निम्मी भरलेली होती. चार महिने पावडर अशी प्रेसवर ठेवत नाहीत. तबकडीतही नळ्या उभ्या होत्या.

"हे सगळं तसंच ठेवलंत? पोलीस आले होते ना?"

"आले होते. लायसन्स परत केलं मी, रायफल डीलरला दिली. भरलेली काडतुसं ते घेऊन गेले. प्रेसचं कुणी विचारलं नाही."

"मग पावडर तरी काढून ठेवू का?"

"राहू दे," काका म्हणाले. "तिचं अजून व्हायचंय."

त्यांनी हे अगदी सहज म्हटलं, बायको वरच्या मजल्यावर कपडे आवरतेय असं सांगावं तसं. सुचेताला वाटलं, म्हातारा माणूस आहे, काळाचा घोळ होतो बोलताना.  प्रेसबद्दल विचारल्यावर काका म्हणाले, बघू, तिचं आटोपलं की सांगतो. निघताना त्यांनी कपाटातून एक छोटी डबी काढून तिच्या हातात ठेवली. आत पाच-सहा काडतुसं होती.

"घे. तिच्या हातची आहेत. उद्या चालवून बघ."

पोलिसांच्या नजरेतून सुटून गेली असतील, असं सुचेताने धरलं. काकांकडे आता लायसन्स नाही, त्यांच्या घरात ती असणं बरं नव्हे, म्हणून तिने मुकाट्याने डबी पर्समध्ये टाकली. रस्त्यावर आल्यावर तिला हलकं वाटलं. मग लक्षात आलं की आत असताना आपण सारखं हळू आवाजात बोलत होतो, आणि तेही कानाने अधू माणसाशी.

दुसऱ्या दिवशी रेंजवर तिने आपली काडतुसं संपवली आणि काकूंची डबी उघडली. खरं तर तिला जरा भरून आलं होतं. लिव्हरच्या रायफलीत काडतूस बाजूच्या खिडकीतून अंगठ्याने आत ढकलतात. पहिलं आत गेलं. दुसरं ढकलताना अंगठ्याला काहीतरी टोचलं.

तिने ते बाहेर काढून दिव्याखाली धरलं. नळीच्या तोंडाशी शिशाची बारीक कपची निघाली होती, पेन्सिलला टोक करताना निघते तशी. गोळी तिरकी ठेवून दाबली की असं होतं. लीलाकाकू नळीवर गोळी ठेवायच्या ते निरांजनात वात ठेवावी तसं. त्यांच्या हातून हे होणं शक्य नव्हतं.

सुचेताने पहिलं काडतूसही बाहेर काढलं, रायफल मोकळी करून बॅगेत घातली आणि ती सरळ घरी आली.

गॅरेजमध्ये काटा लावून तिने ती काडतुसं एकेक करून तोलली. सगळी जड. फरक थोडा, पण सगळ्यांत सारखा. मग गोळी सुटी करायच्या पोकळ हातोड्यात एक घालून तिने ते फरशीवर आपटलं. गोळी निघाली आणि मागून पावडर आली. तिने ती काट्यावर ओतली. बरोबर दुप्पट होती.

दुसरं फोडलं. दुप्पट. तिसरं, तेही तसंच.

चूक एकदा होते. मोजमापाच्या खोलीत इतकी वर्षं काढल्यावर तिला एवढं नक्की कळत होतं की जी चूक प्रत्येक वेळी सारखी होते, ती चूक नसते. कुणीतरी एक गोष्ट ठरल्याप्रमाणे करत असतं. पाठीमागे गॅरेजचं दार उघडं होतं. तिने उठून ते लावलं.

"काय झालं?" अजयने जेवताना विचारलं. तिने सांगितलं.

"कीथला सांग. नाहीतर पोलिसांना."

"आधी काकांना विचारते."

"सुचेता, तो माणूस लायसन्स नसताना काडतुसं करतोय."

"करतोय कोण, तेच मला कळत नाहीये," ती म्हणाली.

आठवडाभर तिचं कामात लक्ष नव्हतं. शनिवारी दुपारी ती पुन्हा अर्ल्सडनला गेली. काकांनी चहा केला, चिवड्याची बशी पुढे ठेवली. टीव्हीवर कुठलीशी जुनी मॅच लागली होती. तिने आवाज कमी करायला सांगितलं आणि त्यांच्या जवळ खुर्ची ओढून बसली.

"काका, ती काडतुसं काकूंनी कधी भरली होती?"

"या महिन्यातलीच आहेत."

"काकू ऑक्टोबरमध्ये गेल्या."

"मला माहीत आहे ती कधी गेली ते," काका म्हणाले. त्यांच्या आवाजात राग नव्हता. "मी काही भ्रमिष्ट झालो नाही, सुचेता. फ्यूनरल मीच केलं. पण त्यानंतर पंधरा दिवस झाले असतील, मी इथेच बसलो होतो, आणि दुपारी मागे हँडलचा आवाज आला. गेलो तर हँडल खाली. मी वर करून ठेवलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तसंच."

"मग?"

"मग मी बघितलं. नळीत पावडर पडलेली होती. पुढचं काही नाही. गोळी उचलून ठेवणं तिला आता जमत नसणार. तेवढं मी करतो. गोळी ठेवतो, हँडल ओढतो, तबकडी फिरवतो, नवी नळी लावतो. की उद्याची तयारी झाली."

सुचेताने चिवड्याची बशी बाजूला सारली. "आवाज येतो तेव्हा तुम्ही आत जाऊन बघत नाही?"

"नाही. काम चालू असताना कुणी मागे येऊन उभं राहिलेलं तिला आवडायचं नाही. थांबला की जातो."

बाहेर अंधारून यायला लागलं होतं. फेब्रुवारीतली कॉव्हेंट्रीची दुपार, चार वाजले नाहीत तोच उजेड करडा होऊन खिडकीला चिकटतो. चार वाजत आले तसे काका बोलता बोलता थांबले. त्यांनी मान किंचित वळवली.

"ऐक," ते म्हणाले.

तिला काही ऐकू आलं नाही. मग आलं. आधी खर्र, सावकाश, आणि शेवटी खट्.

बेल न ऐकू येणारा माणूस तिच्याआधी ऐकून बसला होता. त्याच्या हातात चहाचा कप होता आणि तो कप जराही हलला नव्हता. घरात तिसरं कुणी नव्हतं.

सुचेता उठली. काका "थांब जरा" म्हणाले, पण ती थांबली नाही.  किचन ओलांडून तिने युटिलिटी रूमचा दिवा लावला. स्टूल रिकामं. मागचं दार आतून बंद. हँडल खाली होतं. खोली उबदार होती, आणि तिच्या डाव्या हाताला भिंतीवरचा बॉयलर घुरघुरत होता.

ती बॉयलरकडे बघत राहिली. मग तिने बेंचच्या फळीवर तळहात ठेवला. फळी थरथरत होती.

काका मागे येऊन उभे राहिले. सुचेताने त्यांना बॉयलरचा टायमर बंद करायला लावला, हँडल वर नेऊन ठेवलं, आणि म्हणाली, "आता चालू करा." बॉयलरने हुफ् करून पेट घेतला. फळीत कंप उठला. तेलाने न्हालेलं जड हँडल क्षणभर तसंच उभं राहिलं, मग झोप आल्यासारखं पुढे कललं आणि खर्र करत खाली आलं. खट्. वरच्या मापातून दुसऱ्या नळीत पावडर पडल्याची बारीक सळसळ दोघांनीही ऐकली. काकांनी हँडल वर करून पुन्हा ओढलं असतं, तर तीच नळी पुन्हा पावडर घेणार होती. तबकडी मध्ये कुणी फिरवलीच नव्हती.

"काका, तुम्ही जुने टूलमेकर. तुम्हाला सांगायला नको. रोज तेल देता, त्याने हे सैल झालंय. बॉयलर लागला की आपोआप पडतं. पावडर एकदा तेव्हा पडते आणि एकदा तुम्ही ओढता तेव्हा."

काका बॉयलरकडे आणि हँडलकडे आळीपाळीने बघत होते. सुचेताला वाटलं, आता ते रडतील.

"असं होय," ते शेवटी म्हणाले. "म्हणजे ती याच्यावर चालवते."

 समजावून सांगितलेलं सगळं त्यांनी नीट ऐकून घेतलं होतं. त्यांना ते पटलंही होतं. आणि तरी ते जिथे होते तिथेच होते.

"काका, बाकीची काडतुसं कुठे आहेत?"

त्यांनी पुढच्या खोलीतल्या साइडबोर्डमधून शॉर्टब्रेडचा मोठा पत्र्याचा डबा काढला. तिने झाकण उघडलं. डबा जवळजवळ काठोकाठ भरला होता, नीट रांगेत, तोंडं वर करून. रोजचं एक.

"ईस्टरला क्लबात मॅच असते ना," काका म्हणाले. "कीथला देणार होतो. सगळ्यांना वाटायला. तिला आवडलं असतं."

सुचेताने झाकण लावलं.  कीथ, त्याची बायको, नवीन आलेली ती युनिव्हर्सिटीतली मुलं. लीलाकाकूंची काडतुसं म्हटल्यावर क्लबात एकानेही तोलून पाहिली नसती. आठवणीखातर ओळीने उभं राहून सगळ्यांनी एकदम झाडली असती.

"ही मी नेते," ती म्हणाली. "आणि पावडर काढते. प्रायमरही. याला तुम्ही नाही म्हणायचं नाही."

 तिने वरची पावडर बाटलीत उतरवली, प्रायमरची नळी रिकामी केली, तबकडी मोकळी केली, सगळं पुसून काढलं. तेवढा वेळ काका दारात उभे होते. तिला पाठीवर त्यांची नजर जाणवत होती, आणि खोटं कशाला बोला, ती नजर एकाच माणसाची आहे असं तिला वाटत नव्हतं. कुणीतरी स्टूल सोडून बाजूला झालंय आणि आपलं काम होईपर्यंत तोंड आवळून उभं आहे, असं वाटत होतं. निघताना प्रेस मोकळा होता, हँडल वर होतं.

"प्रेस इथेच राहू दे, काका. हँडल पडलं तर पडू दे. आवाज येईल. आता त्याने कुणाला इजा नाही."

तिला हे मनापासून वाटलं होतं. बॉयलर तोच होता, तेल तेच होतं, हँडल पडतच राहणार होतं, आणि ते ऐकण्यात म्हाताऱ्याचं काही नुकसान नव्हतं.

पुढचे कितीतरी दिवस संध्याकाळी कामावरून आल्यावर ती गॅरेजमध्ये ती काडतुसं फोडत बसली. हातोडा आपटताना खांद्यातून कळ जायची. एकही काडतूस तिने न उघडता सोडलं नाही, आणि एकातही पावडर दुपटीहून कमी-जास्त निघाली नाही. शेवटी सगळी पावडर तिने बागेत पसरून पेटवली. ती पिवळी ज्योत उंच होऊन लगेच विझली. अजय किचनच्या खिडकीतून बघत होता.

मार्चमध्ये ती काकांकडे गेली तेव्हा टीव्ही बंद होता. बेल एकदाच वाजवली आणि दार उघडलं.

"येत नाही आता," काका दारातच म्हणाले.

"काय येत नाही?"

"आवाज. तू गेलीस त्या दिवसापासून."

ती आत गेली. हँडल तिने ठेवलं होतं तसंच वर होतं. "तेल देता ना?"

"देतो की रोज."

तिने टायमर हाताने फिरवला. बॉयलर पेटला, फळी थरथरली. हँडल हललं नाही. तिने बॉयलर विझवून पुन्हा लावला. सांध्यांत आणखी तेल सोडलं. तबकडी रिकामी, अडवायला नळी नाही, गोळी नाही, वरच्या मापाचं वजनही उतरलेलं. आता तर ते आधीपेक्षा सहज पडायला हवं होतं. तिने बोटाने हँडल पुढे ढकललं, पार कलंडायच्या बेताला नेलं आणि सोडलं. ते तिथेच राहिलं. हात काढून घेतल्यावरही राहिलं. तिने खाली वाकून पाहिलं, दिवा धरून पाहिलं. कुठे काही अडकलेलं नव्हतं.

मोजमापाच्या खोलीत एखादा भाग असा वागला असता, तर तिने त्याला लाल चिठ्ठी लावून बाजूला ठेवला असता. इथे लावायला चिठ्ठी नव्हती.

काका स्टुलावर बसले नाहीत, शेजारी उभे राहिले. "तू बरोबर केलंस," ते म्हणाले. "माणसं मेली असती. मला कळतं ते. पण तिला वाटलं असणार, आपलं काम काढून घेतलं."

"काका, तसं नाही."

"तुला काय माहीत," ते हळूच म्हणाले, आणि सुचेताला खरंच माहीत नव्हतं.

एप्रिलमध्ये त्यांची मुलगी निवेदिता केंब्रिजहून येऊन त्यांना घेऊन गेली. घर विकायला काढलं. सामान भरायच्या दिवशी सुचेता मदतीला गेली होती. निवेदिता वैतागलेली होती.

"सुचेताताई, बाबा त्या मशीन सोडायला तयार नाही. फ्लॅटमध्ये कुठे ठेवू मी तो?" ती इथेच जन्मलेली, घाईत बोलताना तिच्या मराठीचा असा घोळ व्हायचा. "तुम्हाला हवा होता ना? प्लीज घेऊन जा."

काका पुढच्या रिकाम्या खोलीत कोट घालून बसले होते. सुचेताने त्यांच्याकडे पाहिलं. ते तिच्याकडे बघत नव्हते.

"तो त्यांच्याबरोबर जाऊ दे," ती निवेदिताला म्हणाली. "खिडकीजवळच्या टेबलावर बसेल. मी बोल्ट काढून देते."

तिने स्वतः स्पॅनर लावून तो सोडवला. डाव्या हाताने, कारण उजवा अजून साथ देत नव्हता. काका उठून आले आणि त्यांनी तो जड प्रेस छातीशी धरून स्वतः गाडीत नेऊन ठेवला. मागच्या सीटवर ठेवून त्याला सीटबेल्ट लावला. निवेदिताने पुढचं दार उघडून त्यांना बसवलं.

सुचेताने शेवटी कीथचं ऐकलं. आपोआप फिरणाऱ्या तबकडीचा प्रेस घेतला, वर पावडरची पातळी तपासणारं माप बसवलेला. जास्त पडली किंवा पडलीच नाही, तर ते पीं करून ओरडतं. कामाला तो चोख निघाला. खांदा सुधारला. ईस्टरची मॅचही नीट पार पडली. लीलाकाकूंसाठी सगळे एक मिनिट कानांवरची आवरणं काढून उभे राहिले, आणि कुणाच्याही रायफलीला काही झालं नाही.

फक्त एक गोष्ट अजयच्या लक्षात आली. शनिवारी जेवण झालं की सुचेता गॅरेजमध्ये जाऊन बसायची, पण चार वाजायला आले की ती हातातलं काम अर्धं टाकून उठायची. प्रेस मोकळा करायची, पावडर बाटलीत ओतायची, हात धुवून आत यायची आणि गॅरेजचं दार मागून ओढून घ्यायची.

"एवढ्यात का उठलीस?" त्याने एकदा विचारलं.

"अंधार पडतो," ती म्हणाली आणि चहाचं आधण ठेवलं.

जून महिना होता. खिडकीतून स्वयंपाकघरात लख्ख ऊन आलं होतं, आणि उजेड रात्री दहापर्यंत राहणार होता. अजयने तिच्याकडे पाहिलं.